फॉर्म भरायचा, पण परीक्षेला बसायचे नाही

मनातल्या परस्परविरोधी ओढींविषयी आणि मनाच्या निरनिराळ्या अंशांशी संवाद साधणाऱ्या उपचारपद्धतीविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत लिपिक आहे. वय 41. अधिकारीपदाच्या पदोन्नतीसाठी बँकेची अंतर्गत परीक्षा असते. दर वेळी मी अर्ज भरते, पुस्तके काढते, वेळापत्रक आखते आणि परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात काहीतरी कारण काढून परीक्षेला बसतच नाही. एक मन म्हणते, तुझ्या मागून लागलेले पुढे गेले, आता तरी ऊठ. दुसरे मन म्हणते, कशाला नसती उठाठेव? अधिकारी झालीस की बदली होणार, सासूबाईंच्या गुडघ्याचे नुकतेच ऑपरेशन झाले आहे, मुलगा नववीत आहे. अर्ज भरला की त्या दिवसांत मी रात्री एक-दीडपर्यंत मोबाइलवर रील्स पाहत बसते आणि सकाळी स्वतःलाच शिव्या घालते. दहावीला मी गणितात नापास झाले होते. निकालाच्या दिवशी जमलेल्या नातेवाइकांसमोर वडील जे बोलले ते अजून कानांत आहे; त्याचा याच्याशी संबंध आहे की नाही, कळत नाही. समुपदेशनाचा अभ्यास करणारी माझी भाची ‘पार्ट्स थेरपी’ घे म्हणते. हे नेमके काय असते? की मी निव्वळ आळशी आहे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आळशी माणूस अर्ज भरत नाही. तुम्ही तो दर वेळी भरता, तयारीला लागता आणि शेवटच्या आठवड्यात थांबता. याचा अर्थ तुम्हाला पुढे ढकलणारे काहीतरी आणि तुम्हाला मागे खेचणारे काहीतरी, अशा दोन्ही गोष्टी तुमच्या मनात चांगल्या बळकट आहेत आणि दोन्ही आपापले काम इमानाने करत आहेत. तुमच्या भाचीने सुचवलेली पद्धत नेमकी या ठिकाणापासून सुरू होते.

मन एकसंध नसून अनेक अंशांचे बनलेले आहे, हा विचार मानसोपचारात जुना आहे. इटलीतील रोबेर्तो असाजोली यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच उपव्यक्तिमत्त्वांची कल्पना मांडली होती, आणि पुढे फ्रिट्झ पर्ल्स यांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीत आपलाच एक अंश बसला आहे असे मानून त्याच्याशी बोलण्याचे तंत्र लोकप्रिय केले. आज या पद्धतींपैकी जिचा सर्वाधिक बोलबाला आहे ती ‘इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स’, म्हणजे आयएफएस. तिचे जनक रिचर्ड श्वार्ट्झ हे मूळचे कुटुंबोपचारतज्ज्ञ. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ते शिकागोत बुलिमियाच्या, म्हणजे अधाशासारखे खाऊन मग मुद्दाम उलटी करण्याच्या विकाराच्या, रुग्णांवर उपचार करत होते. घरातले संबंध सुधारले तरी काहींचा विकार हटेना, तेव्हा रुग्णच त्यांना सांगू लागले की आत एक जण सतत टीका करतो, ती ऐकून दुसरा कोलमडतो, आणि ते दुःख सहन होईना की तिसरा खायला लावतो. श्वार्ट्झ यांनी कुटुंबोपचार करताना घराघरांतली भांडणे पाहिली होती. हे त्यांना तसेच वाटले.

त्यांनीच सांगितलेला एक प्रसंग या पद्धतीचे मर्म समजायला पुरेसा आहे. स्वतःला इजा करून घेणाऱ्या एका रुग्णेच्या ‘त्या’ अंशावर त्यांनी एका बैठकीत इतका दबाव आणला की, या आठवड्यात असे काही करणार नाही, असे त्याने अखेर कबूल केले. पुढच्या बैठकीला ती चेहऱ्यावर मोठी जखम घेऊन आली. श्वार्ट्झ यांनी हात टेकले आणि जबरदस्ती सोडून, तू हे का करतोस, असे त्या अंशाला नुसते विचारले. लहानपणी झालेल्या अत्याचारांच्या काळात तिला जिवंत ठेवण्यासाठी हा अंश पुढे आला होता आणि तो धोका अजून संपलेला नाही, अशीच त्याची समजूत होती. जो अंश शत्रू वाटत होता, तो पहारेकरी निघाला. माझ्या मते या सगळ्या पद्धतीतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे : आपल्याला अडवणाऱ्या अंशाला हरवायला न जाता, तो कोणाची राखण करतो आहे हे आधी विचारायचे.

आयएफएसमध्ये अंशांचे ढोबळ तीन प्रकार मानतात. दुखापत होऊच नये म्हणून आधीपासून बंदोबस्त करणारे ते व्यवस्थापक. दुखापत वर उसळलीच तर हाती लागेल ते साधन वापरून ती विझवणारे ते अग्निशामक, म्हणजे ‘फायरफायटर’. दारू, खाणे, संताप, मोबाइल यांतले काहीही त्यांना चालते. आणि ज्यांच्या वाट्याला ती मूळची लाज, भीती किंवा एकटेपण आले आणि ज्यांना म्हणूनच आत कोंडून ठेवले गेले, ते हद्दपार अंश. या सर्वांपलीकडे प्रत्येक माणसात एक शांत, कुतूहल आणि करुणा असलेला ‘स्व’ असतो, असे ही पद्धत मानते, आणि सगळी बोलणी त्याच्या पुढाकाराने व्हावीत असा तिचा प्रयत्न असतो.

तुमच्या पत्रावरून मी फक्त अंदाज करू शकतो. ‘आता तरी ऊठ’ म्हणणारा अंश व्यवस्थापक आहे. लोकांच्या नजरेला उत्तम चाललेले काहीतरी दाखवता आले, तर पुन्हा कोणी तुम्हाला चारचौघांत कमी लेखणार नाही, असा त्याचा हिशोब असावा. ‘नसती उठाठेव’ म्हणणाराही व्यवस्थापकच आहे आणि त्याचे उद्दिष्ट बहुधा हुबेहूब तेच आहे. फक्त त्याचा उपाय वेगळा आहे. परीक्षेला बसलेच नाही तर नापास होता येत नाही, आणि नापास झाले नाही तर पुन्हा निकालाचा तो दिवस उगवत नाही. रात्रीचा मोबाइल हा अग्निशामक. आणि या सर्वांच्या मागे, नातेवाइकांच्या घोळक्यात मान खाली घालून उभी असलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी असू शकेल. ती तेथे असेलच, असे मी म्हणत नाही. पण तुम्ही न विचारता तिचा उल्लेख केलात, हे दुर्लक्ष करण्यासारखे नाही.

दोन व्यवस्थापक असे आमनेसामने आले की त्यांचे वागणे होडीच्या दोन काठांवरून उलट दिशांना बाहेर झुकलेल्या दोघांसारखे होते : एक जितका बाहेर झुकेल तितके दुसऱ्याला झुकावेच लागते, नाहीतर होडी उलटेल. म्हणून तुम्ही अर्ज भरून, वेळापत्रक लावून पहिल्याला बळ दिलेत की दुसरा नेमका त्याच आठवड्यात जोर करतो. यातल्या कोणा एकाचे ऐकून प्रश्न सुटत नाही, कारण जिंकलेल्याला पुढे कायम पहारा द्यावा लागतो.

प्रत्यक्ष बैठकीत काय होते, तेही सांगतो. उपचारक तुम्हाला एका वेळी एकाच अंशाकडे लक्ष द्यायला सांगतो. तो शरीरात कोठे जाणवतो, छातीवर दडपण येते की पोटात गोळा येतो, त्याचे काही रूप दिसते का, हे विचारतो. मग एक साधा वाटणारा, पण फार महत्त्वाचा प्रश्न येतो : या अंशाविषयी तुम्हाला काय वाटते? बहुतेक जण म्हणतात, त्याचा राग येतो, तो गेला तर बरे. हे उत्तर तुमच्या ‘स्व’चे नसते, ते विरुद्ध बाजूच्या अंशाचे असते. तेव्हा त्या रागावलेल्याला थोडा वेळ बाजूला थांबशील का, अशी विनंती करतात आणि तो थांबला तरच पुढे जातात. मनात खरे कुतूहल जागे झाले की मग अडवणाऱ्याला विचारायचे, ‘तू हे काम थांबवलेस तर काय होईल अशी तुला भीती वाटते?’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा विचार करून येत नाही, आपसूक येते आणि ऐकणाऱ्यालाच त्याचे नवल वाटते. राखण करणाऱ्या अंशांची परवानगी मिळाली की मगच हद्दपार अंशापर्यंत जायचे, त्याचे म्हणणे ऐकायचे आणि त्याने इतकी वर्षे वाहिलेले ओझे कल्पनेत उतरवायचे, असा क्रम आहे. ओझे पाण्यात सोडणे किंवा अग्नीला देणे अशा या शेवटच्या विधीने काहींना मोकळे रडू येऊन हलके वाटते. मला स्वतःला या विधीपेक्षा त्याआधीचे ऐकणेच अधिक कामाचे वाटते.

अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे मराठी वाचकांना परिचित आहे. त्या पद्धतीने गेलात तर ‘नापास झाले म्हणजे मी कवडीमोलाची’ हा समज तर्काने तपासून खोडला जाईल. मी ती पद्धत वापरतो आणि पुष्कळांना ती पुरते. परंतु ज्यांना तर्क पूर्ण पटलेला असतो आणि तरीही कळते पण वळत नाही अशी ज्यांची अवस्था असते, त्यांच्यासाठी अंशांशी बोलण्याचा मार्ग अधिक उपयोगी पडतो, असा माझा अनुभव आहे. कारण तेथे अडवणाऱ्याशी वाद घालायचा नसतो.

घरच्या घरी इतके करून पाहता येईल. एक वही घ्या, निवांत वेळ काढा आणि ‘नको’ म्हणणाऱ्या मनाला पानभर बोलू द्या. मध्येच त्याला उत्तर देऊ नका. दुसऱ्या दिवशी ‘ऊठ’ म्हणणाऱ्याला तेवढीच जागा द्या. मग दोन्ही पाने वाचताना खऱ्या अडचणी आणि जुनी भीती वेगळी काढा. बदली, सासूबाईंची शुश्रूषा, मुलाचे येणारे दहावीचे वर्ष या भावनिक गुंता नसलेल्या, खऱ्याखुऱ्या अडचणी आहेत. त्यांच्यासाठी बँकेचे बदलीविषयक धोरण प्रत्यक्ष वाचणे आणि यजमानांशी स्पष्ट बोलणे हा उपाय आहे; त्यांना उगाच मनोविश्लेषणात ओढू नये. पत्रात यजमानांचा उल्लेख कोठेच नाही, हे मला थोडे खटकले. त्या निकालाच्या दिवसाकडे मात्र एकटीने जाऊ नका. ते काम प्रशिक्षित व्यक्तीबरोबरच करावे, कारण पहारेकऱ्यांना न विचारता आत शिरले की ते दुप्पट जोमाने परततात. आणि या सर्वांतून तुम्ही परीक्षेला बसालच, असे मी गृहीत धरत नाही. सगळे ऐकून घेऊन तुम्ही अर्जच भरायचा नाही असे ठरवलेत, तर तोही निर्णय असेल. आज चालले आहे तो निर्णय नाही.

प्रश्न : मी सॉफ्टवेअर अभियंता आहे. यूट्यूबवर आयएफएसचे व्हिडिओ पाहून मी स्वतःच प्रयोग सुरू केला. मला आतले चार-पाच ‘अंश’ सापडले, त्यांना मी नावेही दिली. आता भीती वाटते की हे स्किझोफ्रेनियाचे किंवा दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वाचे लक्षण तर नाही? माझा मित्र म्हणतो, हे सगळे थोतांड आहे. याला शास्त्रीय पुरावा आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुम्ही वर्णन केले आहे ते आजाराचे लक्षण वाटत नाही. स्किझोफ्रेनियात ऐकू येणारे आवाज रुग्णाला बहुधा बाहेरून, खरोखर कोणीतरी बोलत असल्यासारखे येतात आणि ते त्याच्या इच्छेने सुरू किंवा बंद होत नाहीत. शिवाय त्याबरोबर संशय, विचारांचा विस्कळीतपणा आणि रोजच्या कामातली घसरण दिसते. विघटित व्यक्तिमत्त्वाच्या विकारात स्मृतीत मोठी छिद्रे पडतात, आपण केलेल्या गोष्टी आपल्यालाच आठवत नाहीत. तुम्ही स्वतःहून लक्ष देता तेव्हाच हे अंश जाणवतात, आणि ती आपलीच मनःस्थिती आहे हे तुम्हाला पूर्ण ठाऊक असते. मात्र वरीलपैकी एखादे लक्षण खरोखर असेल, तर हा प्रयोग आजच थांबवून मनोविकारतज्ज्ञाला भेटा. अशा रुग्णांवर ही पद्धत वापरायची की नाही, हे अनुभवी तज्ज्ञानेच ठरवायचे असते.

पुराव्याविषयी तुमच्या मित्राचे म्हणणे अर्धे खरे आहे. 2013 मध्ये अमेरिकेत संधिवाताच्या 79 रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी करून एक चाचणी प्रसिद्ध झाली. नऊ महिने आयएफएसवर आधारित उपचार घेतलेल्या गटात, केवळ आजाराची माहिती मिळालेल्या गटाच्या तुलनेत, वेदना आणि हालचालींत सुधारणा दिसली. 2021 मध्ये बालपणी अनेक आघात सोसलेल्या आणि आघातोत्तर तणावविकार असलेल्या 17 प्रौढांवरचा प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि बहुतेकांची लक्षणे बरीच कमी झाली. परंतु त्यात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. अशा अभ्यासांवरून पद्धत आश्वासक आहे इतकेच म्हणता येते. विचार आणि वागणे बदलण्यावर भर देणाऱ्या संज्ञानात्मक वर्तनोपचारामागे (सीबीटी) नैराश्य आणि चिंताविकारांच्या बाबतीत जेवढे संशोधन उभे आहे, त्याच्या जवळपासही हे पोहोचत नाही. गाजावाजा पुराव्याच्या कितीतरी पुढे गेला आहे, हे मान्य केले पाहिजे.

अंश खरेच असतात का, हा प्रश्नही त्यातच येतो. श्वार्ट्झ आणि त्यांचे अनुयायी त्यांना रूपक मानत नाहीत, प्रत्यक्ष मानतात. मला त्यांना प्रत्यक्ष मानण्याची गरज वाटत नाही. मेंदूत छोटी छोटी माणसे बसलेली नाहीत. पण आपल्या परस्परविरोधी सवयींना आणि भावनांना व्यक्ती समजून बोलले की त्यांच्यापासून थोडे अंतर पडते, आणि ‘मी निकम्मा आहे’ याऐवजी ‘माझ्यातला एक जण मला निकम्मा म्हणतो आहे’ असे दिसू लागते. उपचाराला एवढे पुष्कळ आहे. धोका तेव्हा निर्माण होतो, जेव्हा अंश जे जे सांगेल ते ते घडलेले सत्य मानले जाते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलीन पिकरेल यांच्या 1995 च्या प्रयोगात 24 जणांना लहानपणी बाजारसंकुलात हरवल्याची, कधीच न घडलेली हकीकत सांगण्यात आली, आणि त्यांतल्या सुमारे पाव लोकांना ती पूर्णतः किंवा अंशतः ‘आठवू’ लागली. डोळे मिटून कल्पनेत काम करताना हा धोका आणखी वाढतो. म्हणून अशा बैठकीत प्रथमच ‘आठवलेल्या’ गोष्टीच्या जोरावर आईवडिलांना जाब विचारायला जाऊ नये, आणि लहानपणी काय झाले असावे हे स्वतःच सुचवणारा उपचारक असेल तर त्याच्याकडे जाणे थांबवावे.

उपचारक निवडताना आधी त्याची मूळ पात्रता पाहा. भारतात चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नका. आयएफएसचे प्रशिक्षण ही त्यावरची भर झाली, मूळ पात्रतेला पर्याय नव्हे. स्वतःचे प्रयोग चालू ठेवायचे असतील तर राखण करणाऱ्या अंशांशी ओळख करून घेण्यापर्यंतच ठेवा. झोप उडाली, जुन्या आठवणी दिवसा अंगावर येऊ लागल्या किंवा जगणे नको असे वाटू लागले, तर व्हिडिओ बंद करून टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोला; तेथे मराठीतूनही बोलता येते.

प्रश्न : माझे यजमान काही महिन्यांपासून ही थेरपी घेत आहेत. पूर्वी रागाच्या भरात ते वस्तू फेकायचे. एकदा माझा हातही पिरगाळला होता. आता फेकाफेक झाली की म्हणतात, ‘तो मी नव्हतो, माझ्यातला फायरफायटर होता, तू त्याच्याकडे करुणेने पाहा.’ मी समजून घेत नाही म्हणून प्रगती होत नाही, असाही आरोप होतो. मी काय करावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : करुणेने पाहायचे ते त्यांनी स्वतः, आपल्या उपचारकासमोर बसून. ते काम तुमच्यावर टाकण्याची मुभा ही पद्धत देत नाही. या पद्धतीत कोणताही अंश मुळात वाईट नसतो असे मानतात, आणि मला हे तत्त्व पटते. पण अंशाचा हेतू समजून घेणे आणि त्याचे कृत्य चालवून घेणे या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. फेकणारा हात एकाच माणसाचा असतो. उपचारात शिकवतात ते असे की, अंशाच्या आवेशात बोलू नये, त्याच्या वतीने बोलावे. म्हणजे ‘मला इतका राग येतो आहे की काहीतरी फेकावेसे वाटते, मी बाहेर जाऊन येतो’ असे फेकण्याआधी म्हणावे. फेकून झाल्यावर अंशाचे नाव घेणे ही त्या शिकवणीची केवळ नक्कल आहे.

त्यांच्या उपचारकाला तुमच्याशी त्यांच्याविषयी बोलता येणार नाही, परंतु घरात काय घडते हे तुम्ही त्याला लेखी कळवू शकता. पुष्कळदा ही बाजू बैठकीत पोहोचलेलीच नसते. दोघांनी एकत्र बैठक घ्यावी असे कोणी सुचवले, तर मारहाण आणि फेकाफेक पूर्ण थांबेपर्यंत नकार द्या. तुमच्या मनातही एक अंश ‘संसार आहे, सोसायचे’ असे म्हणत असेल आणि दुसरा आतून चिडत असेल. त्यांच्यासाठी तुम्ही स्वतंत्र समुपदेशक गाठावा, यजमानांचा नको.

हात पिरगाळणे हा कौटुंबिक हिंसाचार आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली तुम्ही संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करू शकता, आणि त्यासाठी घर सोडावे लागत नाही, कारण सामाईक घरात राहण्याचा हक्क तोच कायदा तुम्हाला देतो. महिलांसाठी 181 ही मदतवाहिनी आहे. अंगावर येण्याची वेळ आली तर 112 वर पोलिसांना बोलवा. हे क्रमांक आणि जवळच्या एखाद्या विश्वासू माणसाचा क्रमांक आजच मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा, आणि तुम्ही हे करणार आहात हे यजमान शांत असताना, दुसरे कोणी घरात असेल अशा वेळी, त्यांना एकदा स्पष्ट सांगा. तसे सांगणे सुरक्षित वाटत नसेल तर न सांगता करा.